आईला बसता येत नव्हतं

सप्टेंबर महिन्यात अमरावतीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. दहावीतली, अकोल्याची पोरगी, आणि नागपूरच्या पोरांना मागे टाकून ढाल घेऊन आली! त्या दिवसापासून माझं डोकं जरा चढलंच होतं. आरशासमोर हात हलवून भाषणं करायची, वर्गात बाईंना उलटे प्रश्न विचारायची. या जगात असं माणूसच नाही ज्याला शालू बोलून पटवू शकत नाही, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत आई म्हणाली, मी रिद्धपूरला जाऊन अनुसरण घेते. दोन मिनिटांत माझी सगळी खात्री पाण्यात गेली.

अनुसरण म्हणजे काय ते आधी सांगते. आम्ही महानुभाव पंथाचे. आमच्यात घरसंसार सोडून, केस उतरवून, भिक्षा मागून ईश्वराच्या नावात राहायचं ठरवलं की त्याला अनुसरण म्हणतात. पुरुष घेतात तसं बायाही घेतात. रिद्धपूर आमचं मोठं ठिकाण, तिथं मठात अशा कितीतरी बाया आहेत. पण एकदा घेतलं की नवरा नवरा राहत नाही, लेक लेक राहत नाही. पुढे कधी रस्त्यात भेटली तर मी तिला दंडवत करायचा, तिनं मला करायचा, आणि दोघींनी आपापल्या वाटेनं जायचं.

आणि हे सगळं तिनं चुलीपुढे उभ्याउभ्या, भाकरी थापता थापता सांगितलं.

"काहून पण?" मी ओरडले.

"वैराग्य आलं."

"कवा आलं? काल तं चिवड्याले पोहे भाजून राहिली होती!"

"शाले, तोंड आवर. भाषणाचं तोंड भाषणात ठेव."

बाबा दारात पाय धूत होते. ते कापूस बाजारात काट्यावर कापूस तोलतात. हंगाम नुकता सुरू झालेला, टोपीवर, भुवयांवर सगळीकडे कापसाचे तंतू. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ओरडतील, आता म्हणतील की भागीरथा, डोकं फिरलं का तुहं! बाबांनी हळूहळू पाय पुसले.

"तुह्या मनात असंन तं जाय," ते म्हणाले. "मी कोण अडवणारा."

आणि न जेवता बाजारात निघून गेले.

त्या रात्री मी रडले नाही. मी यादी केली! वक्तृत्वाला करते तशी, मुद्दे मांडून. पंथात बायकोला नवऱ्याची परवानगी लागते, ती बाबांनी देऊन टाकली होती. म्हणजे ते दार बंद. राहिलं कारण. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला एकाएकी वैराग्य कसं येतं? मी आठवायला लागले.

आई खाली बसत नव्हती. श्रावणापासून नव्हती बसत. भाकरी उभ्यानं, जेवण उभ्यानं, धान्य निवडायचं तर सूप ओट्यावर ठेवून. मी विचारलं की म्हणायची, गुडघे धरून राहिले. न्हाणीत गेली की बाहेर यायला किती वेळ लागायचा, आणि आतून दात आवळल्यासारखा एक आवाज यायचा. आठ महिने तिची पाळी नव्हती हे मला ठाऊक होतं, कारण कपडे मीच धुते. पण गेल्या महिन्यात तिच्या लुगड्यावर दोनदा तांबडा ठिपका होता. पाळीसारखा नाही. दोन थेंब, बस्स. आणि श्रावणापासूनच तिनं आपलं अंथरूण धान्याच्या कोठीत नेलं होतं.

माझी पार्बताबाई मावशी तेल्हाऱ्याला वारली तेव्हा मी सातवीत होते. तिला असंच सुरू झालं होतं. आधी ठिपके, मग रक्त जाणं थांबेचना, मग डॉक्टर म्हणाले पिशवीचा कॅन्सर. शेवटचे तीन महिने तिच्या खोलीत कोणी जाईना. फक्त आई जायची.

आता मला कळलं, आई रिद्धपूरला कशाला चालली होती. ती तिथं मरायला चालली होती.

सकाळी तिला न्हाणीच्या दारात गाठली.

"आई, तुले मावशीसारखं झालं का?"

तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्या अंगावरचं लुगडं ओढलं. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "कोणाले बोलशीन तं माह्या गळ्याची आण हाय तुले. जे हाय ते माहं हाय. घाण हाय ते. म्या इलाज करून राहिली."

"कोणता इलाज?"

तिनं न्हाणीतल्या पितळी तांब्याकडे बोट दाखवलं. तळाशी पांढरा गाळ बसला होता. तुरटी! आमच्या गावात पावसाळ्यात मोर्णा नदीचं पाणी गढूळ येतं, म्हणून घरोघरी तुरटीचा खडा असतो. माठात दोनदा फिरवला की गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. शेजारी राहणारी केशरआत्या, बाबांची थोरली बहीण, तिनं आईला सांगितलं होतं की आतली घाण निवळायची तर तुरटीच्या ऊन पाण्यानं दिवसातून तीनदा धू, अन् वरून साबण लाव. चार महिने आई ते करत होती. जितकी आग व्हायची तितकं जास्त धुवायची.

"अन् दवाखाना?"

"पार्बताले दवाखान्यातच मारलं," आई म्हणाली. "कापलं तिले. तीन-तीन डाक्तर पाहून गेले तिले उघडी. मले नाई पाहू द्याचं कोणाले. केस देईन, देह ठेवीन ईश्वरापाशी. माही किळस तुमाले नाई येऊ द्याची."

मी बोलले. अरे देवा, काय बोलले मी! अर्धा तास बोलले. स्त्री-शिक्षण, विज्ञान, दवाखान्यातल्या नव्या औषधी, आईचं प्रेम, माझं भविष्य. हात सुद्धा हलवले. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "झालं? जाय, पाणी भर."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. बाबा बाजारात होते. आईला पोचवायला मी जाणार आणि एकटी परत येणार, असं ठरलेलं. पिशवीत दोन पांढरी लुगडी, एक तांब्या, आणि तुरटीचा खडा.

बायांच्या डब्यात बरीच जागा होती. आई दारापाशी दांडी धरून उभी राहिली. मूर्तिजापूर आलं तरी उभी. समोर एक लठ्ठ बाई संत्री सोलत बसली होती, ती म्हणाली, "अव बाई, बस ना! रेल्वेनं बाकडं काय शोभेले लावलं?"

"राहू द्या," आई म्हणाली.

"उभ्यानं गेली म्हणून लवकर पोचत नाई व माय!"

सगळा डबा हसला. आईसुद्धा ओठ ताणून हसली. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते, कार्तिक महिन्यात. गाडी रूळ बदलताना हिसका बसला आणि आईच्या तोंडातून एक आवाज निघाला. संत्रीवाल्या बाईचं हसणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि एक अख्खं संत्रं माझ्या हातात ठेवलं. ते मला खाता येईना, फेकता येईना. बडनेऱ्यापर्यंत हातात धरून बसले.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रिद्धपूरची मोटार तीन वाजता. साडेतीन तास! फलाटावर उतरताना मी मागून पाहिलं, आईच्या लुगड्यावर नखाएवढा तांबडा डाग. मी माझी ओढणी सोडून तिच्या खांद्यावरून खाली टाकली. ती समजली. 

मला एवढं माहीत होतं की जवाहर दरवाज्याच्या आत एका लेडी डॉक्टरची पाटी आहे. वक्तृत्वाला आलो तेव्हा आमच्या बाईंनी दाखवली होती. "पाहा पोरींनो, बाई असून डॉक्टर." पण आईला तिकडे चल म्हटलं तर ती कधीच आली नसती. ती स्वतःसाठी काहीच करत नव्हती. आजपर्यंत तिनं जे केलं ते कोणासाठी केलं?

मी पोट धरलं आणि फलाटावरच बसले.

"आई, मले दुखून राहिलं."

"काय झालं?"

"खाली. लघवीच्या जागी. दोन महिने झाले. आग होते. रक्त जाते." मी तिचंच दुखणं घेऊन तिला परत सांगितलं, शब्द न् शब्द. आणि सांगताना मला खरंच रडू फुटलं, त्यात नाटक काहीच नव्हतं. "माहं बी मावशीसारखं होईन का व?"

आईचा रंग उडाला. मला वाटलं ती पडते की काय. पण तिनं माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिले. टांगा केला. टांग्यातही ती बसली नाही, मागच्या पायरीवर वाकून उभी राहिली, आणि सगळ्या रस्त्यानं पुटपुटत होती, "नाई देवा, तिले नाई. मले ने, तिले नाई."

मला माझीच शरम वाटली. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात सहा-सात बाया होत्या, त्यांना ओलांडून आई थेट पडद्याच्या आत घुसली. टेबलामागे पाटीवरच्या त्या डॉक्टर, माणिकबाई, बसल्या होत्या. चांगल्या पन्नाशीच्या, चष्मा, पांढरा कोट, आवाज पोलीस पाटलासारखा.

"नंबर आहे का?"

"पोरीले पाहा," आई म्हणाली. "पहिले पोरीले पाहा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय होतं ग तुला?"

आता पटापट बोलायची वेळ होती. मीच ती शालू, ढालवाली! आणि माझ्या तोंडात एक शब्द येईना. आमच्या पंथात पाळीचा विटाळ मानत नाहीत, आई मला लहानपणापासून सांगत आली की नाकातून शेंबूड जातो तसंच ते. पण पाळी जायच्या वेळी काय होतं, त्याला काय म्हणतात, ते दुखलं तर कोणाला कसं सांगायचं, याचे शब्द आमच्या घरात नव्हतेच. शाळेतही नव्हते.

"मले काही नाई," मी एकदाची म्हणाले. "मी खोटं बोलली. हिले हाय. हिलेच हाय सगळं. ही आज तीनच्या मोटारीनं मराले जाऊन राहिली."

आईचा हात उठला. माझ्या गालावर ती चापट बसली की नाही मला आठवत नाही. ती दाराकडे वळली.

"बाई," माणिकबाई जागेवरूनच म्हणाल्या. "बसा."

"मले जाचं हाय."

"जा. पाच मिनिटं बसून जा."

"बसता येत नाई मले!" आई किंचाळली. मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.  आई हळू आवाजात, जणू स्वतःलाच सांगते असं म्हणाली, "चार महिने झाले. बसता येत नाई. चालता येत नाई. लघवीले बसली की मिरची भरल्यासारखं होते. मले बसता येत नाई बाई."

माणिकबाई उठल्या. त्यांनी दाराला कडी लावली, आईला टेबलावर एका कुशीवर टेकवलं आणि मला पडद्याबाहेर पाठवलं. कान मात्र कोणी काढून घेतले नव्हते.

आई रडत होती. डॉक्टरीणबाई एकामागून एक साधे प्रश्न विचारत होत्या. वय किती, शेवटची पाळी कधी, रक्त किती, अंग अचानक तापतं का, झोप लागते का. आई "हो" आणि "नाई" म्हणायची. मग तपासणी सुरू झाली. एकदा आई "आई ग" म्हणाली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबते. श्वास घ्या. तुम्ही म्हणाल तेव्हाच पुढे."

मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहत होते आणि देवाला काय काय कबूल करत होते ते सांगत नाही.

मग नळाचं पाणी, साबणाचा वास.

"धुता कशानं?" माणिकबाईंचा आवाज.

"तुरटीनं. ऊन पाण्यानं. अन् साबण."

"दिवसातून?"

"तीनदा. आग वाढली तं चार-पाचदा."

"अरे राम!" डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मी दचकले. "बाई, तुरटीनं कातडं आवळतं. चांभार वापरतो ती. आधीच जागा कोरडी पडलेली, त्यात तुम्ही रोज तिला आणखी सुकवता!"

"म्हणजे?"

"म्हणजे ऐका. पाळी जायच्या वयात शरीर आतला एक रस बनवणं कमी करतं. त्या रसानं ती जागा ओली आणि मऊ राहत असते. तो कमी झाला की आतलं कातडं पातळ होतं, कोरडं पडतं, बारीक चिरा जातात. म्हणून आग. म्हणून लघवी झोंबते. म्हणून थेंब-दोन थेंब रक्त. हे पुष्कळ बायांना होतं. सांगत कोणी नाही, मला सुद्धा दहातली एखादीच सांगते."

"अन् पार्बताचं?"

"तुमच्या बहिणीचं मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल काही बोलत नाही. तुमच्या पिशवीचं तोंड मी बॅटरी लावून पाहिलं. गाठ नाही, जखम नाही. पण रक्त दिसलं होतं ना, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. आणि मध्ये जास्त गेलं तर त्याच दिवशी. लघवीही तपासायची, तिचा निकाल उद्या. मी खोटा धीर देत नाही कोणाला. पण आज तुमच्यात मरणाचं मला काही दिसलं नाही."

 मी आत डोकावले. आई डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होती.

माणिकबाई कागदावर लिहीत होत्या आणि बोलत होत्या. तुरटी बंद. साबण त्या जागी कधीच नाही. नुसतं थंड पाणी. जुनं मऊ सुती कापड. घाण्याचं साधं खोबरेल, वासाचं नाही, गरम करून थंड केलेलं, हात धुऊन रोज दोन वेळा लावायचं. शिवाय एक मलम, त्यात तोच कमी पडलेला रस थोडासा असतो, ते सांगितलं तितकंच, जास्त नाही. पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबून धरायची नाही. "आठ दिवसांत आग कमी होईल. पण कातडं भरून यायला दोन-तीन महिने लागतात. घाई करायची नाही, आणि कोणाला करूही द्यायची नाही. मालकांना सांगा हे."

"त्याईले?" आई एकदम उठून बसायला गेली आणि पुन्हा कुशीवर झाली. "त्याईले नाई सांगत."

"का?"

"त्याईनं जाय म्हटलं मले. एका शब्दानं अडवलं नाई."

माणिकबाईंनी चष्मा काढून पुसला. 

रस्त्यावर आलो तेव्हा दोन वाजले होते. मी आनंदानं उड्या मारत होते! मरणार नाही, आई मरणार नाही! आई चार पावलं पुढे चालत होती. जवाहर दरवाज्याच्या सावलीत ती थांबली आणि म्हणाली, "मोटार कुठून सुटते?"

"कोणती मोटार?"

"रिद्धपूरची."

"आई! डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना तुले काही नाई झालं!"

"मलम तिथं बी लावता येते," आई म्हणाली. "मराची भीती गेली शालू. ते बरं झालं. पण घरी कोणासाठी जाऊ? तू दोन वर्षांत सासरी जाशीन. त्या माणसानं चार महिने विचारलं नाई की भागीरथा, तू कोठीत काहून झोपतं. जाय म्हटलं तं जाय म्हटलं. नकोशी बाई घरात काय कराची."

 खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं हताश वाटलं की ढाल, भाषणं, सगळं नाल्यात फेकावं. दुखणं डॉक्टरीणबाईंनी ओळखलं होतं. पण आईचं घर तिच्यापासून चार महिन्यांत तुटलं होतं, आणि ते जोडायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं.

"लघवीचा निकाल उद्या हाय," मी म्हणाले. "तेवढा घेऊन जाय. एक दिवस."

ती तेवढ्याला कबूल झाली. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. आई तिथं खाटेवर कुशीवर निजली, खोबरेल लावून, चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारी. ती झोपल्यावर मी तारघरात गेले आणि बाबांना तार केली. माझं इंग्रजी चांगलं आहे. कमीत कमी शब्दांत लिहिलं, आई दवाखान्यात, ताबडतोब या, आणि खाली धर्मशाळेचा पत्ता.

तारबाबूनं तार वाचून माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीचं कौतुक करतो आहे. परत येताना रस्त्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आमच्या गल्लीत तार कशाची येते! गेल्याची. आमच्या घरी आजवर एकच तार आली होती, मावशीची. मी धावत परत गेले, पण तार गेली होती.

रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी निकाल आला, लघवीत थोडे जंतू होते, त्यांच्यावर गोळ्या मिळाल्या. आई पिशवी भरत होती. मोटार तीनला. दहा वाजले, अकरा वाजले.

साडेअकराला धर्मशाळेच्या फाटकात बाबा दिसले. पायात चप्पल नव्हती. सदरा उलटा घातलेला, टोपी नाही, केसांत कापूस तसाच. ते चालत नव्हते, धावतही नव्हते, मधलं काहीतरी होतं.  मग ओसरीवर उभी असलेली आई त्यांना दिसली.

बाबा तिथंच, अंगणाच्या मधोमध, मातीत मटकन बसले.

"जिती हाय," ते म्हणाले. "जिती हाय का तू?"

आई खांबाला धरून उभी. "कोणी सांगतलं मी मेली म्हणून?"

"तार आली." आणि माझ्या बाबांनी, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओक्साबोक्शी रडले. धर्मशाळेतले सगळे लोक बाहेर आले. आई आधी माझ्याकडे पाहून डोळे वटारत होती, मग तिचं माझ्याकडे लक्षच राहिलं नाही. ती ओसरीच्या पायऱ्या एक-एक करून, पाय फाकवून, ओठ दाबून उतरली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"उठा. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"रडाचंच होतं तं जाय काहून म्हटलं?"

बाबांनी वर पाहिलं. नाक सदऱ्याला पुसलं. "तूच तं कोठीत निजाले गेली! माह्याजवळ बसत नाई, माह्यासमोर जेवत नाई. म्या विचार केला, माहा कंटाळा आला हिले. आता देवापाशी जाऊन राहिली तं म्या काय तोंडानं थांबवू? म्हटलं, जाऊ दे, तिले तं सुख लागू दे."

आईनं पदर नीट केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "शाले, आत जाय."

मी आत गेले. दाराच्या आत उभी राहिले. आई वाकून, हळू आवाजात बोलत होती. तिनं त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण तुरटी हा शब्द ऐकू आला, आणि केशरआत्याचं नाव, आणि बाबा एकदम "हट्! त्या म्हातारीच्या!" असं म्हणाले आणि आई भीतीनं की कशानं, हसली. मग पुन्हा गंभीर झाली.

"डॉक्टरीण म्हणे, तीन महिने लागंन. जास्त बी लागंन. तवर मी कोठीतच निजंन."

"नीज ना."

"अन् त्याच्या मागून बी मले दुखलं तं मी सांगीन. तवा तोंड पाडाचं नाई."

"नाई पाडत."

"अन् परत जाय म्हणाचं नाई."

बाबांनी मान हलवली. कितीदा हलवली मी मोजली नाही.

मोटारीचा भोंगा वाजला, रिद्धपूरच्या नाही, कोणत्यातरी दुसऱ्याच. आई त्या आवाजानं वळली, तशीच थोडा वेळ उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं मला सांगता येणार नाही. मग ती ओसरीकडे तोंड करून म्हणाली, "शाले, मंग अकोल्याची गाडी किती वाजता हाय ते पाहून ये. अन् तुह्या बापासाठी कुठून तरी चपला पाहाय. असा अनवाणी नाई नेत मी याले घरी."